२५ ते ४० टक्के : एका उताराच्या नोंदी

१ ऑक्टोबर २०२३, गुहागर

वही आज सुरू करते. गेल्या फेब्रुवारीत गुलमर्गला स्कीइंगचा बेसिक कोर्स केला, त्याला आठ महिने होत आले. तिथून मी नेमकं काय घेऊन आले ते आधी लिहून ठेवते, म्हणजे पुढे मोजायला सोपं.

सोप्या उतारावर मी न पडता खाली येते. स्नोप्लाऊ पक्का जमतो, म्हणजे दोन्ही स्कींची टोकं जवळ, मागची बाजू फाकलेली आणि वेग आवरलेला. डावीकडे वळताना मधूनमधून दोन्ही स्की समांतर येतात. उजवीकडे वळताना येत नाहीत. का येत नाहीत ते माहीत नाही.

शेवटच्या दिवशी आम्हाला शिकवणाऱ्या उस्तादांनी आमच्यातल्या चौघांना गोंडोलाने, म्हणजे तारेवरून जाणाऱ्या पाळण्याने, पहिल्या टप्प्यावर, कोंगडोरीला नेलं. तिथून खाली येताना झाडांच्या मधून जाणारी वाट एके ठिकाणी जरा उभी होते. तिथे मी थिजले. स्की काढल्या, खांद्यावर टाकल्या आणि चालत उतरले. पाय गुडघ्यापर्यंत रुतत होते आणि बाजूने सात-आठ वर्षांची मुलं सुळकन निघून जात होती. रात्री खोलीत रडले.

प्रकल्प एवढाच : येत्या फेब्रुवारीत कोंगडोरीपासून पायथ्यापर्यंत स्की न काढता यायचं. कितीही वेळ लागो.

दादाने विचारलं, "समुद्राकाठी बसून बर्फाची तयारी कशी करणार तू?" प्रश्न रास्त आहे. पुढचे चार महिने त्याच्यावरच घालवायचे आहेत.

८ ऑक्टोबर

माझा धंदा घरबांधणीचा. उतार म्हटला की मला आकडा लागतो, "थोडा उभा", "बराच उभा" अशाने माझं भागत नाही. म्हणून आज एक मीटरची फळी, पाणसळ आणि टेप घेऊन फिरले. फळीचं एक टोक जमिनीवर टेकवायचं, पाणसळीतला बुडबुडा मध्ये येईपर्यंत दुसरं टोक उचलायचं आणि त्या टोकाखालची पोकळी मोजायची. २५ सेंटीमीटर भरली तर उतार २५ टक्के.

उत्तर अमेरिकेत साधारण २५ टक्क्यांपर्यंतच्या सोप्या उताराला हिरव्या वर्तुळाची खूण लावतात, २५ ते ४० च्या मध्यमाला निळा चौकोन, त्याच्या पुढच्या अवघडाला काळा हिरा. युरोपात निळा म्हणजे सोपा आणि मध्यमाला लाल. त्यामुळे कुणी "मी निळा उतरले" म्हणालं तर कुठला निळा हे विचारावं लागतं. त्यातही प्रत्येक ठिकाणी रंग तिथल्याच बाकीच्या उतारांच्या तुलनेत ठरतात, एका डोंगरावरचा निळा दुसऱ्या डोंगरावर काळा वाटू शकतो. मी रंगांच्या नादाला लागणार नाही. २५ टक्के म्हणजे १४ अंश आणि ४० टक्के म्हणजे जवळजवळ २२. माझा सगळा प्रकल्प या आठ अंशांतला आहे.

आजची मापं. सड्यावरच्या, म्हणजे वरच्या कातळी पठारावरच्या, एका प्लॉटिंगमधला आतला डांबरी रस्ता, ६ टक्के. सड्यावर चढणारा गावचा रस्ता, सगळ्यात उभ्या जागी ११. आमच्या आगरातून वरच्या वाडीला जाणारी चिऱ्यांची पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची वाट, ३८. घराची कौलं, ५२.

पाखाडीचा आकडा मी तीनदा मोजला. ३८ टक्के! जिच्यावरून मी शाळेत गेले, पाणी भरलं, गौरी आणल्या, तीच पाखाडी जवळपास काळ्याच्या हद्दीला टेकलेली आहे. मग कोंगडोरीला, जिथे उतार याहून जास्त असेल असं मला वाटत नाही, तिथे माझे पाय का गोठले?

रात्री लिहिता लिहिता ध्यानात आलं. पाखाडीवर मी उतारावर उभीच नसते. प्रत्येक पावलाला मला एक आडवा चिरा मिळतो. उतार ३८ टक्के, पण माझा तळवा सपाटीवर. बर्फात चिरा कोणी घालून ठेवलेला नाही. तिथे स्की आडवी करून तिची डोंगराकडची धार बर्फात रोवली की तीच पायरी, आणि ती दर वळणाला नव्याने करायची. सोप्या उतारावर पायरी न करताही निभावलं जातं, म्हणून मी ती करायला शिकलेच नाही.

हे बरोबर आहे का ते बर्फातच कळेल. पण गेल्या वर्षी माझं काय चुकलं याचं पहिलं धड कारण आज सापडलं.

२२ ऑक्टोबर

पाखाडीच्या पायऱ्या ११८. एक पायरी सरासरी १५ सेंटीमीटर, म्हणजे उंची जेमतेम १८ मीटर. गुलमर्ग समुद्रसपाटीपासून साधारण २,६५० मीटरवर आणि कोंगडोरी त्याच्या सुमारे ४०० मीटर वर. म्हणजे पाखाडी तेवीस वेळा उतरले की एक कोंगडोरी.

आज सहा फेऱ्या केल्या. चढायचं नेहमीच्या चालीने, उतरायचं मुद्दाम सावकाश, एका पायरीला चार आकडे मोजत. स्कीइंगमध्ये मांड्या सगळा वेळ आवरून धरण्याचं काम करतात, स्नायू ताणला जात असताना जोर लावायचा असतो. चढण्याने दम वाढतो, पण ही ताकद उतरण्यानेच येते. वरच्या वाडीतल्या काकू ओट्यावरून बघत होत्या. तिसऱ्या फेरीला म्हणाल्या, "गो, काय हरवलं काय तुझं?" सांगितलं सगळं. त्यांनी तांब्याभर पाणी आणून ठेवलं आणि पुढच्या फेऱ्या त्या मोजत बसल्या.

२४ ऑक्टोबर

दसरा. सोनं वाटायला पायऱ्या उतरताना कठडा धरावा लागला, मांड्या इतक्या भरून आल्यात.

५ नोव्हेंबर

इनलाइन स्केट्स आले. चाकं एका ओळीत असतात म्हणून वळण घ्यायला पाय कडेवर कलवावा लागतो, आणि ते स्कीच्या धारेच्या बरंच जवळ जातं. प्लॉटिंगच्या मालकांना विचारून त्यांच्या ६ टक्क्यांच्या रस्त्यावर सकाळी साडेसहाला गेले. हेल्मेट, मनगटाचे पट्टे, कोपर, गुडघे, सगळं बांधून.

दुसऱ्याच फेरीत पडले. सड्यावरच्या रस्त्याला जांभ्याची बारीक खडी कायम वाहून येते, एक खडा चाकाखाली आला की चाक जागच्या जागी थांबतं. मनगटाचा पट्टा नसता तर हात मोडला असता. दुपारी खराटा घेऊन दीडशे मीटर रस्ता झाडून काढला. आता दर वेळी आधी झाडायचा.

समुद्रावरही करून पाहिलं. मुलांची एक जुनी गुळगुळीत फळी घेऊन किनाऱ्याच्या पुळणीवरून घसरता येतं का बघितलं. नाही येत. ओली वाळू धरून ठेवते आणि कोरडी गिळते. किनारा फक्त पळायला, ओहोटीच्या वेळी, घट्ट वाळूवर. तो विषय संपला.

२६ नोव्हेंबर

स्केट्सवरसुद्धा तेच. डावं वळण गोल येतं, उजवं तुटतं. आज दादाला फोनवर चित्रण करायला लावलं आणि संध्याकाळी तेच तेच पाहत बसले.

वळताना भार बाहेरच्या पायावर हवा. उजवीकडे वळताना बाहेरचा पाय डावा. चित्रणात स्पष्ट दिसतं, उजवीकडे वळायची वेळ आली की माझा डावा पाय जमिनीला नुसता टेकलेला असतो आणि सगळं अंग आत, उजव्या पायावर कललेलं. म्हणजे उजव्या वळणाचा दोष डाव्या पायात आहे.

मग घरात एक साधी परीक्षा घेतली. डोळे मिटून एका पायावर उभं राहायचं. उजव्यावर ५५ सेकंद. डाव्यावर ११. परत केलं, ९. कॉलेजात असताना डावा घोटा मुरगळला होता, महिनाभर पट्टी होती, मग मी तो विसरून गेले. घोटा विसरला नव्हता. एकोणीस वर्षं मी त्याच्यावर पूर्ण भार टाकलेला नाही आणि मला त्याचा पत्ताही नव्हता.

आजपासून दात घासणं डाव्या पायावर. भाकऱ्या थापतानाही.

१० डिसेंबर

डावा पाय, डोळे मिटून : २६ सेकंद. पाखाडी : अकरा फेऱ्या. भिंतीला पाठ लावून खुर्चीत बसल्यासारखं बसणं : दोन मिनिटं दहा सेकंद.

स्केट्सवर नवीन कवायत. वळणाच्या मध्यावर आतला पाय जरासा उचलायचा. उचलता आला तर भार खरोखर बाहेर आहे. नाही आला तर आपण स्वतःला फसवतोय. डावं वळण दहातले नऊ. उजवं दहातले चार.

२४ डिसेंबर

उजवं वळण दहातले सात. आंब्याला मोहर धरतोय, दादा दिवसभर वाडीत. बाकी काही नाही.

७ जानेवारी २०२४

गुलमर्गच्या उस्तादांशी फोनवर बोलणं झालं. ते म्हणाले, बर्फच नाही. चिल्लई कलान म्हणजे डिसेंबरच्या अखेरीपासूनचे चाळीस दिवस, काश्मिरातला सगळ्यात कडक थंडीचा काळ, तो अर्ध्याच्या जवळ आला आणि मैदानावर पिवळं गवत दिसतंय. त्यांनी फोटो पाठवले. गेल्या वर्षी जिथे मी पहिल्यांदा स्की बांधल्या ती जागा सुक्या कातळासारखी उघडी पडली आहे.

तिकडचा हिवाळ्यातला बर्फ भूमध्य समुद्राच्या बाजूने येणाऱ्या पश्चिमी विक्षोभांवर अवलंबून असतो आणि यंदा ते कमजोर पडलेत. एल निनोचं वर्ष आहे. मला माझ्या सहलीचं वाईट वाटलं, आणि मग उस्तादांचा आवाज आठवून त्याची लाज वाटली. त्यांची वर्षाची कमाई या दोन-अडीच महिन्यांत होते. लिफ्ट चालवणारे, स्की भाड्याने देणारे, घोडेवाले, चहावाले, सगळ्यांची. आंब्याचा मोहर गळाला की आपल्याकडे घराघरात जी शांतता पसरते, ती मला फोनवर ऐकू आली. विमानाचं तिकीट रद्द करणार नाही असं त्यांना सांगितलं. बर्फ नसला तरी येईन, चालेन.

२८ जानेवारी

डावा पाय ४१ सेकंद. पाखाडी काल तेवीस फेऱ्या, एक पूर्ण कोंगडोरी, दोन तास चाळीस मिनिटं. काकूंनी शेवटच्या फेरीला खडीसाखर दिली.

आज बुटांचं. गेल्या वर्षी भाड्याच्या दुकानातून मला दोन नंबर मोठे बूट मिळाले होते. "जाड मोजे घाला, बसतील" असं सांगितलं आणि मी ऐकलं. बूट सैल असला की घोटा आत फिरतो पण स्की फिरत नाही, आणि बोटं पुढे आपटून नखं काळी होतात. तेव्हा मला हे ठाऊक नव्हतं. स्की बुटाचा नंबर म्हणजे पायाची सेंटीमीटरमधली लांबी. टाच भिंतीला लावून कागदावर रेघ मारली : डावा २४.१, उजवा २४.३. मला २४.५ चा बूट हवा. गेल्या वर्षी घातला होता तो २६.५ चा. आतला मऊ मोजा काढून नुसत्या कवचात पाय घालायचा, बोटं पुढे टेकवायची, टाचेमागे एक-दोन बोटं जागा राहिली की ठीक. हे यंदा तिथे बसून स्वतः तपासणार. दुकानदार घाई करेल, करू दे.

१ फेब्रुवारी

बर्फ पडला! उस्तादांचा फोन सकाळी सहाला. "मॅडम, आ गया." दोनच शब्द, पण आवाज भरून आला होता. आईने देवापुढे साखर ठेवली.

१० फेब्रुवारी, गुलमर्ग

परवा रात्री चिपळूणहून गाडी, मुंबईहून विमान, श्रीनगरहून टंगमर्ग, आणि तिथून साखळ्या बांधलेल्या जीपने शेवटचे तेरा किलोमीटर. टंगमर्गच्या बाजूचाच आरिफ खान, २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताचा एकमेव खेळाडू. जीपच्या ड्रायव्हरने मला न विचारता ते सांगितलं, आपल्या घरातला असल्यासारखं.

डोकं दुखतंय. गुहागरला समुद्र घरापासून पाचशे पावलांवर, आणि इथे हवेचा दाब समुद्रकाठच्या पाऊणपटच. आज फक्त चालणं, भरपूर पाणी आणि बूट. चौथा जोड बसला. बाइंडिंगचा, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या पकडीचा, आकडा लावताना वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि "कसं स्की करता", हे सगळं विचारायला लावलं. पडल्यावर स्की वेळेवर सुटली नाही तर गुडघा जातो, आणि उगाच सुटली तरी माणूस पडतोच. गेल्या वर्षी कोणी काही विचारलं नव्हतं, मीही नाही.

११ फेब्रुवारी

सोपा उतार, ड्रॅग लिफ्ट, म्हणजे स्कीवर उभ्या माणसाला वर ओढत नेणारी. सकाळी अंग गेल्या वर्षीचंच होतं. दुपारपर्यंत आतली स्की उचलायची कवायत बर्फात करून पाहिली. उजवीकडे वळताना डावा पाय धरून राहिला! उस्ताद खालून ओरडले, "क्या खाया कोकण में?" भाकऱ्या थापताना डाव्या पायावर उभी होते असं सांगितलं, त्यांना ते कळलं नाही, पण ते मनापासून हसले.

१२ फेब्रुवारी

आजचा दिवस सविस्तर लिहायला हवा.

उस्तादांनी मला वळूच दिलं नाही. दुपारच्या उन्हात वितळलेला बर्फ रात्रीत गोठून सकाळी काचेसारखा कडक झाला होता. तिथे उताराला आडवं उभं केलं, दोन्ही स्की पाणी जिथून वाहील त्या रेघेला काटकोनात. म्हणाले, आता खाली जायचं, पण पुढे न जाता. साइडस्लिप, आडवं घसरणं.

करायचं एवढंच : वरच्या धारा रोवलेल्या असतात, त्या गुडघे-घोट्यांनी किंचित सैल सोडायच्या. स्की सपाट व्हायला लागल्या की अंग आडवंच खाली सरकतं. परत धार लावली की थांबतं. सोडा, धरा, सोडा, धरा. धार सोडताना हलका सुर्र असा आवाज येतो आणि धरली की खर्र. अर्ध्या तासाने मी डोळ्यांनी नाही, कानांनी करत होते.

एकदा जास्तच सोडली. खालची धार बर्फात अडकली आणि मी दरीच्या बाजूला उताणी फेकले गेले. खांदा दुखतोय. पण त्या पडण्यानेच कळलं की धार सोडायला किती थोडं लागतं, एखादा अंश.

मला वाटायचं साइडस्लिप म्हणजे ज्यांना वळता येत नाही त्यांची पळवाट. उस्तादांनी समजावलं : ज्याला आडवं घसरता येतं तो कुठल्याही उतारावरून घरी येऊ शकतो, म्हणून त्याला वळायची भीती वाटत नाही. आणि वळणाच्या शेवटच्या भागात पाय जे करतात ते हेच. ऑक्टोबरात वहीत लिहिलेली पायरी आज पायाखाली आली.

१३ फेब्रुवारी

माघी गणेश जयंती. आईचा फोन, घरी मोदक.

कोंगडोरी. वर गोंडोलातून उतरल्यावर दुसऱ्या टप्प्याची रांग दिसते, तो टप्पा अफरवटच्या डोंगरावर सुमारे ३,९८० मीटरवर जातो. तिकडचे उतार दाबून सपाट केलेले नाहीत आणि तिथे हिमस्खलनाचा धोका खराखुरा आहे. माझं तिथे काही काम नाही.

पहिला निम्मा उतार चांगला गेला. मग तीच जागा आली. फोनवरचा कोनमापक पोलवर, म्हणजे हातातल्या काठीवर, धरून मापलं : १९ अंश, म्हणजे ३४ टक्के. पाखाडीहून कमी. आकडा वाचला, पटला, आणि तरी पोटात गोळा आला. आकडा डोक्याला समजतो, अंगाला नाही.

पहिलं वळण घेतलं. स्कींची टोकं दरीकडे झाली त्या क्षणी माझं अंग मागे गेलं, डोंगराकडे. मागे गेलं की टोकांवरचा भार जातो, आणि टोकांनीच तर वळण सुरू होतं. त्यामुळे स्की सरळ सुटल्या. दहा-बारा मीटरवर मुद्दाम बाजूला बसून पडले.

पण स्की काढल्या नाहीत. उरलेली उभी जागा आडवी घसरत उतरले. सोडा, धरा. सुर्र, खर्र. बावीस मिनिटं लागली. मागून येणाऱ्यांनी मला वळसा घालून जायचं असतं, खाली असलेल्याचा हक्क पहिला, हा जगभरचा नियम आहे, तरी मी कडेकडेनेच राहिले.

१४ फेब्रुवारी

ढग खाली आलेत. अशा उजेडात बर्फावर सावली पडत नाही आणि उतार आणि आकाश एक होतं. विश्रांती. मांड्यांना गरज होतीच.

मागे जाण्याचा विचार दिवसभर केला. आपल्याकडे गवंडी भिंत ओळंब्यात उभी करतो आणि कोपरा गुण्यात, म्हणजे काटकोनात. मी दरीकडे तोंड करून ओळंब्यात उभी राहायला बघते, म्हणजे सपाट जमिनीवर उभं राहावं तशी. पण घसरत्या स्कीवर तोल सांभाळायला अंग उताराशी गुण्यात हवं. १९ अंशांच्या उतारावर तेवढेच अंश पुढे, दरीच्या बाजूला झुकायचं. मनाला ते कडेवरून वाकण्यासारखं वाटतं, प्रत्यक्षात ते नुसतं सरळ उभं राहणं आहे. नडगी बुटाच्या पुढच्या जिभेला दाबलेली असली की समजायचं गुण्यात आहोत. हात समोर, दोन्ही डोळ्यांना दिसतील असे.

१५ फेब्रुवारी

तीन-तीन वळणं. उस्तादांची अट : तिसऱ्या वळणानंतर पूर्ण थांबायचं, आणि ब्रेक लावून नाही, वळण इतकं पुरं करायचं की स्की जरा डोंगराकडे चढून आपोआप थांबेल.

इथे मला सगळ्यात मोठी चूक दिसली. सोप्या उतारावर मी वळण अर्धं सोडून पुढचं सुरू करायचे, वेग वाढायचा पण आवाक्यात राहायचा. मध्यम उतारावर अर्ध्या वळणाचं व्याज लगेच चढतं, तिसऱ्या वळणाला वेग हाताबाहेर. वेग कमी करायला स्कीने बर्फ खरवडायची गरजच नाही, वळणाचा आकार वेग कमी करतो. धीर धरून गोल पुरा करायचा, पायरीवर उभं राहायचं, मग पुढची.

उभ्या जागेत नऊ वळणं, एकदा पडले, उजव्या वळणावर. डावा पाय.

१६ फेब्रुवारी

सकाळी सव्वाअकरा, बर्फ जरा मऊ झाल्यावर. कोंगडोरीहून निघाले. उस्ताद पुढे, मी त्यांच्या रेघेत. उभ्या जागेच्या तोंडाशी ते थांबले नाहीत, मीही थांबले नाही. नडगी, हात, बाहेरचा पाय. डावीकडे. पुरं. उजवीकडे, डाव्या पायावर सगळा भार, आणि तो तिथेच राहिला. पुरं. चौदा वळणं मोजली, शेवटी मोजायचं विसरले कारण झाडं संपली होती आणि खाली मैदान दिसत होतं.

एकदाही पडले नाही. एकोणतीस मिनिटं, त्यात सहा थांबे. देखणं नव्हतं, मधली तीन वळणं स्नोप्लाऊचीच होती. स्की पायथ्याला काढल्या.

दुपारी परत एकदा गेले. तेव्हा सहा वळणं स्नोप्लाऊची झाली, कारण मांड्या संपल्या होत्या. तिसऱ्यांदा उस्तादांनी नेलं नाही आणि ते योग्यच होतं, दमलेल्या पायांनी शेवटची फेरी करताना माणसं गुडघे मोडून घेतात.

मैदानावर २१ तारखेपासूनच्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांची तयारी चालू आहे. बर्फ नव्हता म्हणून त्या लांबणीवर पडल्या होत्या. सगळीकडे माणसं आहेत, चहाच्या टपऱ्यांतून वाफ निघतेय.

२३ फेब्रुवारी, गुहागर

गुलमर्गला काल वरच्या भागात हिमस्खलन झालं, एक परदेशी स्कीअर गेला. उस्तादांना फोन केला, ते सुखरूप आहेत. लोकांना काढायला गेलेल्यांत त्यांच्या ओळखीची मुलं होती. आज दुसरं काही लिहीत नाही.

२४ मार्च

होळी. पालखी घरी येऊन गेली. पालखी नाचवणाऱ्यांचे पाय बघत होते, खांद्यावर तेवढं वजन आणि गुडघे सतत मऊ, कधीच ताठ नाहीत.

पुढच्या वर्षाचं : पोल टोचून वळणाची लय धरणं, उंचवटे झालेल्या बर्फावर चालवणं, आणि ३४ टक्क्यांवर स्नोप्लाऊची तीन वळणंही समांतर करणं. डावा पाय, डोळे मिटून : ४८ सेकंद. हे सोडायचं नाही.

१२ मे

पावसाआधी कौलं चाळायला गडी आला. साठीच्या पुढचे आहेत, आमच्या वडिलांच्या वेळेपासून तेच येतात. ५२ टक्क्यांच्या छपरावर अनवाणी. मी खालून कौलं देता देता त्यांचे पाय पाहत राहिले. खाली यायचं असलं की ते कधीच तोंड खाली करत नाहीत. अंग आडवं, दोन्ही पावलं उताराला काटकोनात, तळव्याची वरची कड रीपेवर दाबलेली. खालचा पाय सरकवतात, त्याच्यावर पुरा भार देतात, मग वरचा जवळ आणतात. खांदे मात्र अंगणाकडे वळलेले.

चहाला खाली आले तेव्हा विचारलं, "काका, हे कोणी शिकवलं?" ते म्हणाले, बापाने, पण बोलून नाही. आधी दोन पावसाळे नुसतं खालून कौलं द्यायला उभं केलं होतं. मग त्यांनी मला विचारलं की मी हे का विचारतेय. मी फोनवरचं कोंगडोरीचं चित्रण दाखवलं. ते दोनदा बघितलं त्यांनी, चष्मा लावून. दुसऱ्यांदा एका ठिकाणी बोट ठेवून थांबवायला सांगितलं.

"हा डावा पाय," ते म्हणाले, "ह्याला अजून विश्वास नाय."

उद्या पुन्हा येणार आहेत, मागची पडवी राहिली आहे.